छातीशी बांधलेलं लेकरू

सह्याद्रीत एक उंच खिंड होती. खिंडीच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत, दहा-बारा झोपड्यांचा एक धनगरवाडा होता. तिथे झिमाबाई नावाची धनगरीण राहत असे. तिच्याकडे शेत नव्हतं, सोनं नव्हतं. पण एक काम तिला असं येत होतं, की त्या कामासाठी चार गावची माणसं तिच्या दारात येत. भर पावसात, हाडं गोठवणाऱ्या वाऱ्यात, तान्हं मूल खिंडीपलीकडे सुखरूप न्यावं ते झिमाबाईनेच.

त्या खिंडीत पाऊस चार महिने बूड हलवत नसे. धुकं इतकं दाट, की आपलाच हात आपल्याला दिसू नये. तरी माणसांना जावं लागे. कुणाचं बाळ पलीकडच्या वैद्याला दाखवायचं असे, कुणी बाळंतीण माहेराहून सासरी निघालेली असे. अशा वेळी लोक म्हणत, "लेकरू झिमाच्या छातीशी दिलं, म्हणजे चुलीपाशी ठेवलं."

झिमाबाईला याचा अभिमान होता आणि ती तो लपवत नसे. ती म्हणे, "बावीस लेकरं नेली. एक बी शिंकलं न्हाय." तिचा एक नेमही होता. एकदा मूल छातीशी बांधलं, की पलीकडे पोचेपर्यंत ते ती कुणाच्या हाती देत नसे. मुलाच्या बापाच्याही नाही. "खिंड सरंपातूर लेकरू माझं," असं ती ठणकावून सांगे.

एके वर्षी श्रावण संपता संपता त्या वाटेने एक पालखी आली. पालखीत राणी कमळजा होती आणि तिच्या मांडीवर चार महिन्यांची राजकन्या गौरा. राणी माहेरी बाळंत झाली होती आणि आता गडावर, राजाकडे निघाली होती. गड खिंडीच्या पलीकडे होता. बरोबर एक दासी, पालखीचे भोई, तीन शिपाई आणि त्या सगळ्यांवर सरदार हैबतराव.

हैबतराव उंचापुरा, पिळदार मिशांचा गडी होता. त्याने राजाला शब्द दिला होता, की शुक्रवारच्या आत राणीला आणि लेकीला गडावर पोचवतो. राणीचे वडील म्हणाले होते, "पाऊस जरा ओसरू द्या." हैबतरावाने ऐकलं नव्हतं. दिलेला शब्द म्हणजे दिलेला शब्द. त्याच्या डोक्यावर राजाने बांधलेला केशरी फेटा होता. तो भिजू नये म्हणून त्याने वरून मेणकापड घट्ट बसवलं होतं. अंग भिजलं तरी चालेल, फेट्याला थेंब लागता कामा नये, असा त्याचा बाणा होता.

पालखी धनगरवाड्यापर्यंत कशीबशी आली आणि तिथेच अडली. पुढची रुंद वाट दरडीने खाली नेली होती. मागे ओढ्याला पूर आला होता. सगळ्यांनी रात्र झोपड्यांत काढली. सकाळी झिमाबाईचा नवरा बिरा धावत आला. वाड्याच्या मागचा डोंगर तडकला होता. भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत आत जात होता.

"वाडा सोडाय पायजे," बिरा म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

धनगरांनी मेंढरं सोडली आणि ते वरच्या सड्याकडे निघाले. पालखीच्या भोयांनाही त्यांनी बरोबर घेतलं. पण सडा म्हणजे उघडा माळ. तिथे ना छप्पर, ना आडोसा. धडधाकट माणसं तिथे रात्र काढतील, चार महिन्यांचं बाळ काढणार नाही. दुसरी वाट एकच होती. शेळ्यांच्या पायवाटेने खिंड चढायची आणि पलीकडे गडाच्या पहिल्या दरवाजाशी उतरायचं. तीन कोस. त्या वाटेवर पालखी चालत नाही, डोली चालत नाही. दोन्ही हात मोकळे असलेलं माणूसच तिथून जाऊ शकतं.

राणी म्हणाली, "मी चालेन. पण बाळाला घेऊन मला जमायचं नाही." बाळंतपणाने ती अजून अशक्त होती.

"म्या नेते," झिमाबाई म्हणाली.

हैबतरावाने तिच्याकडे पाहिलं. ठिगळं लावलेलं लुगडं, चिखलाने भरलेले पाय, पांढरे होत चाललेले केस.

"राजाची लेक आहे ती," तो म्हणाला. "मेंढीचं कोकरू नव्हे."

"कोकरू असतं तर खांद्यावर टाकलं असतं," झिमाबाई म्हणाली. "लेकरू छातीशी न्यायचं असतं."

दासीने बाळाला तयार केलं होतं. आधी मलमल, मग रेशीम, मग दोन शाली, वरून दुलई. गाठोड्यातून फक्त नाकाचं टोक दिसत होतं. बाळ लाल झालं होतं आणि किंचाळत होतं. झिमाबाईने त्याच्या मानेमागे दोन बोटं घातली आणि काढून राणीपुढे धरली. बोटं ओली होती.

"आईसाब, बाळ घामानं भिजलंय. ह्यो घाम वाऱ्यात गार हुईल आन् मग हुडहुडी भरंल. तवा कितीबी दुलया घाला, उपेग न्हाय."

असं म्हणून ती एकेक कपडा काढू लागली. दुलई बाजूला गेली. शाली गेल्या. रेशीम गेलं. हैबतरावाचा हात तलवारीच्या मुठीवर गेला.

"ए बाई! उघडं करतेस राजकन्येला? थंडीने मारायचंय का?"

झिमाबाईने मान वर केली नाही. "थंडीच्या आदी लेकरू गुदमरून मरतं, रावसाब. तोंड कदी झाकायचं न्हाय."

हैबतराव राणीकडे वळला. राणीने पाहिलं, की झिमाबाईचे हात भराभर चालत होते, पण बाळाच्या अंगाला कुठे हिसका बसत नव्हता. आणि बाळ रडायचं थांबलं होतं.

"त्यांना करू दे त्यांच्या मनासारखं," राणी म्हणाली.

झिमाबाईने बाळाचं अंग पुसून कोरडं केलं. कोरडं झबलं घातलं, डोक्याला कुंची बांधली, पायांना लोकरीचे तुकडे गुंडाळले. मग आपल्या चोळीवर बाळ उभं धरलं, पोटाला पोट. त्याचे पाय बेडकीसारखे दोन्हीकडे फाकवले, गुडघे जरा वर उचलून. धुऊन धुऊन मऊ झालेलं लांब जुनेर तिने बाळाच्या पाठीवरून घेतलं, दोन्ही खांद्यांवरून मागे नेलं, पाठीवर फुली केली आणि पुढे कमरेशी गाठ मारली. मान खाली वाकवून तिने बाळाच्या कपाळाला ओठ लावून पाहिले. नीट टेकले. मग बाळाची हनुवटी वर करून तिच्याखाली दोन बोटं सरकवली. सरकली.

"ओठ पोचलं पायजे आन् बोटं शिरली पायजे," ती राणीला म्हणाली. "ओठ पोचलं न्हाय तर लेकरू खाली लोंबतंय. बोटं शिरली न्हाय तर हनुवटी छातीवर टेकून श्वास कोंडतोय."

वरून तिने घोंगडीची खोळ घेतली, अशी की पाठ, खांदे आणि बाळाची पाठ झाकली जाईल, पण बाळाचं तोंड मोकळं राहील. घोंगडीवर पानांचं इरलं चढवलं. कोरडे लंगोट तिने आधीच कमरेला, घोंगडीच्या आत खोचले होते. दोन्ही हात मोकळे झाले. एका हातात काठी घेतली.

राणीला, दासीला आणि शिपायांना तिने घोंगड्या दिल्या. हैबतरावापुढेही एक धरली.

"मला नको," तो म्हणाला. त्याने आपला भारी बनातीचा डगला अंगाभोवती ओढला. "चला. वेळ गेला."

वाट निसरडी होती. दगडांवर शेवाळ, दोन्ही बाजूंनी कारवी, पायांना जळवा. एक शिपाई पुढे, दोघं राणीला हात देत मागे. एकाचा पाय दोनदा घसरला. दुसऱ्याला खोकल्याची ढास लागत होती. झिमाबाई मधोमध चालत होती. ती भरभर चालत नव्हती आणि थांबतही नव्हती. आधी काठी टेकायची, मग पाऊल, मग अंगाचा भार. मध्येच मान वाकवून ती बाळाकडे बघे, पुन्हा वाटेकडे बघे. बाळ झोपलं होतं.

अर्ध्या चढावर एका कपारीत ती वळली आणि बसली.

"आता काय?" हैबतरावाने विचारलं.

"लंगोट बघायचा."

"मघाशीच तर पाहिलास! किती वेळा बघशील? अशाने खिंडीतच दिवस मावळेल."

"आपण बैलावरचं पोतं न्हेत न्हाय रावसाब, की एकदा लादलं आन् पलीकडं उतरवलं." तिने वाऱ्याकडे पाठ करून गाठ सैल केली. लंगोट ओला होता. तिने कमरेचा कोरडा काढून बदलला. तिच्या अंगाच्या उबेने तो भाकरीच्या फडक्यासारखा कोमट होता. राणीने तिथेच बाळाला पाजलं. राणीचे हात गारठले होते. झिमाबाईने तिचे हात आपल्या काखेत धरून आधी ऊबदार केले, मगच बाळाला तिच्याकडे वळवलं, आणि पाजून होईपर्यंत ती घोंगडीचा आडोसा करून उभी राहिली.

हैबतराव कपारीच्या तोंडाशी पाठ करून उभा होता. पाऊस त्याच्या बनातीतून आत झिरपत होता. पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट राहून राहून येत होती. काल पालखीत बाळ दिवसभर रडलं होतं. आज इतक्या वाऱ्यापावसात ते एकदाही रडलं नव्हतं.

दुपार कलली तेव्हा ते खिंडीत पोचले. खिंड म्हणजे दोन कड्यांमधली फट. वारा तिथे असा घुसत होता, की माणूस पुढे वाकला नाही तर मागे ढकलला जाई. पुढे एक ओहोळ आडवा आला. रोजचा पाऊल बुडेल एवढा, आज मांडीपर्यंत. शिपायांनी हाताला हात धरून राणीला आणि दासीला पार नेलं. झिमाबाई काठीने तळ चाचपत मध्यावर आली, आणि तेवढ्यात वरून एक धोंडा सुटला.

तिने तो पाहिला नाही, फक्त ऐकला. ती गर्रकन वळली आणि तिने कड्याकडे पाठ केली. धोंडा तिच्या शेजारून पाण्यात पडला. पाण्याचा लोंढा तिच्या अंगावर आला आणि तिचा पाय दोन दगडांत अडकून मुरगळला. ती कोसळली, पण पुढे नाही. काठी टाकून तिने दोन्ही हात मागे टेकले आणि पाण्यातल्या एका दगडावर बसकण मारली. कमरेपर्यंत पाणी, आणि दोन्ही गुडघ्यांच्या वर, छातीशी, बाळ कोरडं.

हैबतरावाने उडी टाकली आणि तिला दंडाला धरून काठावर ओढलं. एका शिपायाने वाहून चाललेली काठी पकडली.

"बाळ?" राणी ओरडली.

"बरं हाय," झिमाबाई म्हणाली. "बाळ बरं हाय."

ती उभी राहिली. दहा पावलं चालली. पाय टेकला की डोळ्यांपुढे अंधारी येत होती, पण तिने ओठ दाबून धरले. आता उतार. अर्धा कोस उरला होता. अर्धा कोस म्हणजे काय! आजवर बावीस वेळा ती ही वाट उतरली होती. लंगडत उतरेन, ती मनात म्हणाली. रांगत उतरेन. पण लेकरू माझ्या छातीवरून मध्येच काढून दिलं, असं चार गावांत कुणी म्हणायचं नाही.

मग तिचे दात वाजू लागले.

तिने जबडा आवळला, तरी वाजतच राहिले. घोंगडी खालून पाणी पिऊन दगडासारखी जड झाली होती. लुगडं भिजलं होतं. चोळीतही गारठा चढत होता. तिने नेहमीप्रमाणे बाळाच्या पाठीवरून हात आत घातला आणि मानेला लावला. कपारीत ती मान चुलीवरून उतरलेल्या भाकरीसारखी होती. आता ती नुसती कोमट होती. बाळ कुरकुरलं आणि तिच्या अंगाकडून तोंड फिरवू लागलं.

झिमाबाई थांबली.

तिला कोणी थांबायला सांगितलं नव्हतं. कोणाला काही कळलंही नव्हतं. ती तशीच चालत राहिली असती, तर कदाचित पोचलीही असती. पण ज्या हाताने तिने बावीस लेकरांच्या माना चाचपल्या होत्या, त्या हाताने आता खरं ते सांगितलं होतं.

एका मोठ्या दगडाच्या आडोशाला ती खाली बसली आणि म्हणाली, "रावसाब, हिकडं या."

हैबतराव आला.

"डगला काढा. आन् फेटा सोडा."

"काय?"

"माझ्यातली ऊब सरली. विस्तव इझलेल्या चुलीपाशी लेकरू ठिवून काय उपेग? आता तुमी न्यायचं."

हैबतरावाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मी? मी सरदार आहे. बायकांसारखं पोर पोटाशी बांधून राजाच्या दारात जाऊ? शिपाई आहेत की!"

"ह्यो पोरगा दोनदा घसरला. त्या दुसऱ्याला खोकला हाय. तिसरा आईसाबांना धरून हाय, त्यो सुटला तर आईसाब पडत्याल." झिमाबाईने धाप घेतली. "सकाळपासनं समद्यांचे पाय बघतीया म्या. ह्या वाटंवर तुमचं पाऊल एकदा बी चुकलं न्हाय. म्हणून तुमी."

हैबतरावाने आपल्या पायांकडे पाहिलं. सकाळपासून त्याने तिला टोचून बोलण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आणि ती त्याची पावलं बघत होती.

"बाकी काही कापड नाही का?" त्याने खालच्या आवाजात विचारलं. "फेटाच का?"

"माझं जुनेर बुडाला भिजलं. आईसाबांचा पदर भिजला. ह्या समद्यांत कोरडं एकच कापड हाय, ते तुमच्या डोस्क्यावर." मग ती जरा हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमची एकल्याची लाज जात न्हाय, रावसाब. आजपातूर मधी वाटंत लेकरू म्या बापाला बी दिलं न्हाय. आज देतीया."

राणी तिथेच उभी होती. तिने हुकूम केला असता तर हैबतरावाला तो पाळावा लागला असता. पण तिने तो केला नाही. ती फक्त त्याच्याकडे पाहत राहिली.

हैबतरावाने मेणकापड काढलं. राजाने आपल्या हाताने बांधलेला फेटा त्याने सोडला. केशरी कापड दगडाच्या आडोशाला लांबच लांब उलगडलं. त्याच्या टक्कल पडलेल्या डोक्यावर पाऊस पडू लागला. एक शिपाई खाली बघू लागला. हैबतरावाने कमरेची तलवारही सोडली आणि त्याच्याकडे दिली. "मूठ बाळाला टोचेल," एवढंच तो म्हणाला. ओला डगला त्याने दगडावर फेकला. चढाने त्याची रुंद छाती तापलेली होती. अंगातून वाफ निघत होती.

झिमाबाईने बाळ त्याच्या छातीवर उभं केलं. पोटाला पोट. पाय फाकवून, गुडघे वर. फेटा पाठीवरून, खांद्यांवरून, फुली, पुढे गाठ. दासीने आपली घोंगडी काढून दिली आणि ती राणीच्या घोंगडीत शिरली. दासीची ती घोंगडी झिमाबाईने हैबतरावाच्या खांद्यांवरून पांघरली आणि वर आपलं इरलं चढवलं.

"आता मान वाकवा. कपाळाला ओठ लावा."

सरदाराने ओठ लावले. बाळाच्या कपाळाला दुधाचा वास येत होता.

"बोटं घाला हनुवटीखाली. शिरत्यात?"

"शिरतात."

"तोंड दिसतंय?"

"दिसतंय." हैबतरावाचा आवाज बदलला होता. "माझ्याकडे बघतेय."

"मग चला. घाई करायची न्हाय. आधी काठी, मग पाय, मग भार. दर वळणाला मान चाचपायची. गार लागली तर थांबायचं, घामट लागली तर घोंगडी सैल करायची."

खोकणाऱ्या शिपायाने झिमाबाईला पाठीवर घेतलं. अशी ती मंडळी खिंड उतरू लागली.

हैबतराव आयुष्यात अनेक वाटा उतरला होता, पण अशी नाही. त्याला पहिल्यांदा कळलं, की पावलाला वजन असतं. दगड दिसला की तो आधी काठीने हलवून बघे. फांदी आडवी आली की तो पाठ वळवून तिच्यातून जाई. पहिल्या वळणाला त्याने मान चाचपली. "कोमट," तो मोठ्याने म्हणाला. मागून शिपायाच्या पाठीवरून झिमाबाईचा आवाज आला, "चला." दुसऱ्या वळणाला तो म्हणाला, "ऊब आली." तिसऱ्या वळणाला त्याने काहीच सांगितलं नाही. झिमाबाईने विचारलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "झोपलीय. ओरडू नका."

दिवेलागणीच्या आधी ते गडाच्या पहिल्या दरवाजाशी पोचले.

राजा स्वतः दरवाजात उभा होता. भोवती मानकरी, कारभारी, पहारेकरी. धुक्यातून सगळ्यांत पुढे जो माणूस आला त्याला त्यांनी आधी ओळखलंच नाही. डोकं उघडं, मिशा ओघळलेल्या, कमरेला तलवार नाही, पायांतून रक्त, आणि पोटाशी केशरी कापडात काहीतरी बांधलेलं. मग एकाने ओळखलं आणि तो फिदकन हसला. दुसराही हसला.

हैबतराव थांबला. तो ताठ उभा राहिला. सगळ्यांकडे एकदा बघून त्याने घोंगडी जराशी बाजूला केली. आतून एक गुलाबी चेहरा दिसला. बाळाने जांभई दिली, डोळे किलकिले केले आणि दुधासाठी तोंड हलवू लागलं. हसणारे मागे सरकले.

राजा पुढे आला. त्याने लेकीचा गाल चाचपला. गाल गरम होता आणि कोरडा होता. राणी मागून आली आणि तिथल्या पायरीवरच बसली. तिच्याने आता चालवत नव्हतं.

"हैबतराव," राजा म्हणाला, "तुम्ही माझी लेक आणलीत."

हैबतरावाला त्या क्षणी नुसतं मान लववून उभं राहता आलं असतं. कुणी त्याला खोटं पाडलं नसतं.

तो म्हणाला, "नाही महाराज. आणली या झिमाबाईंनी. शेवटचा अर्धा कोस त्यांनी माझे पाय वापरले, एवढंच. आणि पावसात निघायचा हट्ट माझा होता. त्याची शिक्षा मला करा."

शिपायाच्या पाठीवरून झिमाबाईने मान वर केली. तिचे ओठ निळे पडले होते, पण आवाज खणखणीत होता. "शिक्षा कसली करताय सरकार? निघायचं त्यांचं चुकलं, खरं हाय. पर उतरायचं चुकलं न्हाय. अर्धा कोस त्यांचाच हाय. म्या दुसऱ्याचं काम आपल्या नावावर घेत न्हाय."

राजाने दोघांकडे पाहिलं. मग त्याने झिमाबाईला स्वतः हात देऊन खाली उतरवलं, राणीच्या शेजारी पायरीवर बसवलं आणि आपली शाल तिच्या खांद्यांवर घातली. दरवाजातले सगळे मानकरी उभे होते. ती धनगरीण बसली होती. राजा म्हणाला, "आधी शेगडी आणा. बाकीचं मग."

तिला गरम पेज दिली, कोरडी लुगडी दिली, पायाला लेप लावला. दुसऱ्या दिवशी सड्यावरून बिरा आला. तडकलेला डोंगर त्याच संध्याकाळी खाली आला होता. झोपड्या गेल्या होत्या. पण त्यांत कोणी नव्हतं. माणसं, भोई, मेंढरं, सगळी सड्यावर जिवंत होती. राजाने खिंडीच्या गडाकडच्या बाजूला, कातळाच्या पक्क्या जागेवर, धनगरांना वाड्यासाठी जमीन दिली. खिंडीत मधोमध एक दगडी निवारा बांधला. तिथे कोरडी लाकडं आणि घोंगड्या कायम ठेवायचा हुकूम झाला. त्या निवाऱ्याची व्यवस्था हैबतरावाने मागून घेतली. मानकऱ्यांना त्याचं नवल वाटलं. त्याला वाटलं नाही.

झिमाबाईचा पाय बरा झाला, पण पूर्वीसारखा नाही. खिंड चढायला तो तयार होईना. लोकांना वाटलं, आता ही बाई खचणार. पण नव्या वाड्यात तिने आधी बायकांना आणि मग, त्यांनी लाजून तोंडं फिरवली तरी, पुरुषांनाही बोलावून बसवलं. कापड कसं घ्यायचं, फुली कशी करायची, मान कशी चाचपायची, सगळं शिकवलं. चुकलेल्याला पुन्हा बांधायला लावलं. बांधलेलं बरोबर असलं तरी दोनदा तपासलं.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी पलीकडच्या गावातून निरोप आला. एक तान्हं बाळ वैद्याकडे आणायचं होतं. झिमाबाईची सून जनाई निघाली, तिच्यासोबत नवरा. दिवस कलताना खिंडीतल्या धुक्यातून दोघं परत आली. बाळ जनाईच्या छातीशी होतं. दारात बसलेल्या झिमाबाईने हात पुढे केला, बाळाच्या मानेला दोन बोटं लावली. मान कोरडी होती, भाकरीसारखी उबदार. तिने बोटं काढून घेतली आणि गाठीला हात लावला नाही.

"जा," ती म्हणाली. "वैद्याचं घर अजून लांब हाय. लेकरू तुझं हाय, पोचव."

जनाई पुढे गेली. झिमाबाई ताठ बसून तिच्या पाठीकडे बघत राहिली. जाणाऱ्या-येणाऱ्यांना ती सांगत होती, "बघा, बघा. माझी सून चाललीय."

तात्पर्य: आपल्याला जे काम चांगलं येतं त्याचा अभिमान ताठ मानेने बाळगावा, पण ज्याच्यासाठी ते काम करायचं, त्याच्या भल्यासाठी वेळ येताच ते दुसऱ्याच्या हाती सोपवता आलं, तरच तो अभिमान खरा, नाहीतर तो नुसता ताठा.